नीट भर, नाईतर घरी बस

जठारपेठेत त्या दुपारी असं ऊन होतं, की कपातला चहा थंड व्हायच्या ऐवजी पुन्हा उकळत होता. खोटं वाटतं? बरं, चहा राहू द्या… पण दामिनी नितेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली अन् वरचा पंखा दचकून थांबला, हे तरी माना!

"फुलांची ही साइट तुमीच बनवली काय?" तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"हो… काहून?"

"मंग वाचा. मोठ्यानं."

पडद्यावर लाल अक्षरं होती— 'नीट भर, नाईतर घरी बस.'

नितेशचे कान तापले. शेतकऱ्यानं सांजेला फुलांचे किलो भरायचे, सकाळी बांधावर गाडी हजर, अशी ती साइट. भरताना चुकलं तर दिसणारं हे वाक्य त्यानं चाचणीच्या वेळी गमतीनं लिहिलं होतं… अन् बदलायचं विसरला होता.

"माह्या बाबांनी मराठी आकड्यात किलो भरले. तुमच्या मशीनले इंग्रजीच आकडे समजतात, हे त्यायले कोण सांगन? हे वाचलं अन् बसले घरी. झेंडू झाडावरच करपला. आता फोनले हात लावत नाईत. म्हणतात, 'मले अक्कल नाई, हे मशीनलेबी समजलं.'"

नितेशची मान वर होईना. "मी येतो… त्यायची माफी मागतो."

नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात दामिनीचे बाबा, जानराव, बाजेवर बसले होते. नितेश समोर उभा राहिला, तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

"बाबा, चूक माही होती. तुमची नाई."

म्हातारा त्याला न्याहाळत राहिला. "मले सांगून काय होते? मशीनले तसं लिवाले लाव."

नितेश तिथंच लॅपटॉप उघडून बसला. मराठी आकडे चालू केले. नवं वाक्य दामिनीनं सांगितलं— 'माफ करा, आम्हाला समजलं नाही. तुम्ही भरलेलं जपून ठेवलं आहे. अडलं तर नितेशला फोन करा.'

जानरावांनी मराठी आकड्यातच बारा किलो भरले. गाडी ठरली. म्हातारा गालात हसला.

दुसऱ्या सांजेला नितेशचा फोन वाजला.

"अडलं," दामिनी म्हणाली.

त्यानं सारं तपासलं. "चालून तर राहिलं!"

तिसऱ्या सांजेला पुन्हा तेच. "अडलं."

"दामिनी, खरंच सांगतो… कुठंच काई चुकत नाई."

पलीकडं बांगड्या किणकिणल्या.

"मशीन सुधरली. तुमी कवा सुधराल?"

आत्ता कुठं उजेड पडला! नितेशचे कान पुन्हा लालभडक. "माफ कर… मले समजलंच नाई."

"नीट समजून घ्या," ती हळूच म्हणाली, "नाईतर तुमच्याच घरी येऊन बसीन."