काळी पाचचा तानपुरा

मोबाईल खाली ठेवा रं आधी. सकाळी रेकॉर्डिंगला जायाचं आन् मध्यान रात झाली तरी डोळं फोडत बसलाय! उद्या घसा बसला म्हंजे कोंडीबाच्या नावानं बोंब मारू नका. मी ह्या होस्टेलचा वाचमन हाय, तुमचा वैद न्हाई. बसा आता. कराडलाच जाताय, तर जोतीरामचं ऐकून जा. माज्या पलटनीतला जोडीदार त्यो. त्याच्याच तोंडनं ऐकलंय, आन् खोटं बोलनारा गडी न्हवं त्यो.

जोतीरामची शिवांजली ह्याच कॉलेजात गायला शिकत हुती. एकुलती एक. गेल्या सालापतुर इथनं एकाच पोराला गान्याच्या कंपनीच्या रेकॉर्डिंगला धाडायचं, औंदा तुमची आख्खी टोळी चाललीया. गेल्या साली तिचं नाव लागलं. बाप मोबाईल घिऊन मागं लागायचा, "वाईच गा की, भरून घेतो." तर ही म्हनायची, "आबा, फोनमधी आवाज चेपतो. एकदाच भरायचा, चांगल्या माईकवर." बाप हासून मोबाईल खिशात घालायचा. आन् ऑगस्टात डेंगूनं आठ दिसांत पोरगी गेली. लय वंगाळ झालं बगा. बापाकडं फोटू ढीगभर, पन आवाज... एक सबूद न्हाई.

तिच्या जागी आटपाडीच्या पल्लवीचं नाव लागलं. मेंढरं राखनाऱ्याची लेक. कंपनीनं कळवलेलं, खरा तानपुरा पायजे, यंत्राचा चालनार न्हाई. आन् होस्टेलच्या तानपुऱ्याचा भोपळा चिरलेला. पोरीनं भीत भीत जोतीरामला फोन लावला, "आबा, शिवाताईचा तानपुरा एक रात द्याल का?"

जोतीराम म्हनला, "देतो की. आन् छेडाय बी मीच येतो." चार तारा छेडायचं तेवढं लेकीनं बापाला शिकवलं हुतं. बाकी गान्यातलं त्याला ओ का ठो कळत न्हवतं. हासू नकं रं, तुज्या बापाला तरी कुटं कळतंय?

तर गेल्या डिसेंबरातली तेरा तारीख, शनवार. कराडात नदीकडच्या पेठंत एका घराच्या माडीवर स्टुडिओ. दिवसा खालनं उसाचं ट्रॅक्टर गानी वाजवत जात्यात, म्हून काम रातचंच. रेकॉर्डिंग करनारा ऋषिराज म्हनून तरनाबांड पोरगा. त्यानं आधीच सांगितलं, "सहा वाजता दुसऱ्यांचं बुकिंग हाय. तवर झालं तर झालं." पल्लवीला ती एकच रात हुती.

पल्लवीची पट्टी काळी चार. म्हंजे पेटीची चवथी काळी. तिनं सोता तानपुरा लावला. अकरा चाळीसला सुरवात झाली. जोतीराम मांडी घालून, डोळं मिटून छेडाय लागला. दोन ओळी झाल्या आन् काचंपलीकडनं ऋषिराज म्हनला, "थांबा. तारा चढल्यात."

पुन्ना लावला. पुन्ना चढला.

हे सांगत हुता तवा मी जोतीरामला मधीच तोडलं, "थंडीनं आसंल की रं." तर म्हनला, "कोंडीबा, खुंटी सटकली तर तार उतरती. थंडीनं चढली तर केसभर, चारी तारा मिळून एवढ्या चढत न्हाईत. आन् चढून कुटं थांबल्या ठाव हाय? काळी पाचवर."

काळी पाच ही शिवांजलीची पट्टी.

असंच करता करता दोन वाजलं. पुढल्या बारीला जोतीरामनं डोळं उघडं ठिवलं. तारांवरचा हात काढला. खुंटी फिरली. हळू... कुनी जपून फिरवावी तशी. मग दुसरी. मग...

त्यो भ्याला न्हाई, पोरांनो. त्याला रडू आलं. म्हनला, मनात आलं, असूंदे. ऱ्हाऊंदे काळी पाचवर. माज्या लेकीला बी एकदा गाऊंदे. कुनाला काय सांगितलं न्हाई त्यानं. तसाच छेडत ऱ्हायला.

येळ सरत चाललेला, म्हून ऋषिराजनं बी आता थांबवलं न्हाई. पल्लवी त्या सुरात गाय गेली. वर गेली आन् आवाज फाटला. पुन्ना गेली. पुन्ना फाटला. तोंडावर वढनी घिऊन खाली बसली. "आबा, माजं जमंना... घरी काय सांगू?"

तीनला दहा कमी हुतं.

जोतीरामचं बोट थांबलं.



त्यानं भोपळ्यापाशी तोंड नेलं. "शिवा..."

खुंटी हालली न्हाई.

"शिवा, बाळ... तुजी बारी गेली गं. हिला गाऊंदे."



मग खुंटी माघारी फिरली. एकेक करून चारी तारा उतरल्या. कुनी हात लावला न्हवता.

"ऊठ, पोरी," जोतीराम म्हनला. "लागलाय तुजा." पल्लवी डोळं पुसून उठली आन् एका दमात गायली. परवा तुमी मोबाईलवर ऐकत हुतासा, ते गानं तेच.

साडेचारला ऋषिराज वायरी गुंडाळाय लागला. पल्लवी खाली च्या प्याय गेली. जोतीराम तानपुऱ्याला गवसनी घालून निघाला. कोपऱ्यात सकाळच्या लोकांसाठी दुसरा माईक मांडलेला हुता, पुढं बारकी जाळी लावलेली. जाता जाता त्याचा हात जाळीला लागला.

जाळी वली हुती. आन् ऊन... तोंडाची वाफ लागावी तशी. पल्लवी तर त्या कोपऱ्याकडं रातभर फिरकलीच न्हवती.

"लेका..." त्यानं ऋषिराजला हाक मारली. "ह्यातलं वाजीव की. ह्यात काय आलंय, बघ."

ऋषिराज आला. खाली वाकून बघितलं. म्हनला, "आबा, ह्याची वायरच जोडलेली न्हाई."

जाळी वाळस्तवर जोतीराम तिथनं हालला न्हाई.