बाबासोची मान कोणी धरली

मनाली, तो मोबाइल पालथा ठेव बघू. आणि यशराज, कठड्यावरून खाली उतर. बस इथे.

आपल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पेडणेकर डॉक्टर राहायचे. नंदकिशोर पेडणेकर. तुमच्यापैकी कोणी पाहिले नसतील. भूल देणारे डॉक्टर. त्या काळी वाशी-नेरूळच्या छोट्या हॉस्पिटलांना स्वतःचा भूलतज्ज्ञ कुठला परवडायला? ऑपरेशन ठरलं की यांना फोन. स्कूटरला काळी बॅग अडकवायची आणि निघायचं. सकाळी कोपरखैरणे, दुपारी बेलापूर, रात्री पनवेल. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, याच गच्चीवर.

सन शहाण्णव. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. दिवाळी होऊन आठवडा उलटलेला. रात्रीचे सव्वादहा.

काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ज्याचं ऑपरेशन, तो पेशंट आदल्या रात्री एकदा बघून यायचा. वाशीतलं दहा खाटांचं हॉस्पिटल. पेशंट बाबासो शेडगे, मूळचा पाटणकडचा, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पित्ताशयात खडे, अंगात ताप. जिन्याशी त्याची बायको पुतळा पदर पसरून आडवी झाली होती. डॉक्टरांना बघून धडपडत उठली.

"सायेब, बरं हुईल ना वो?"

"होईल हो. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, रोजची कामं आहेत ही."

पहिल्या मजल्यावर चार नंबरची खोली. दोन खाटा. दाराजवळ बाबासो. खिडकीकडच्या खाटेवर आणखी कोणी तरी, गळ्यापर्यंत चादर ओढलेलं. ट्यूबलाइट एकच, तीही बाबासोच्या डोक्यावर.

डॉक्टरांनी नाडी बघितली. छाती तपासली. "तोंड उघडा." जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच उघडलं. "आता मान मागे न्या. वर छताकडे बघा."

"हुत न्हाय, सायेब. वर बगितलं की दोन्ही हातांस्नी मुंग्या येत्यात. हातातनं कप सुटतुय आताशा."

तीस वर्षं डोक्यावर पोती वाहिलेली मान ती. लाकडासारखी ताठ.

आता यात भानगड काय, ते ऐका. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास आपल्या हातात येतो. घशातून श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि ती दिसावी म्हणून मान मागे वाकवतात. हजारातल्या बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याचे मानेचे मणके झिजून सरकलेत, त्याची मान वाकवली तर आतली नस चेंगरते. माणूस शुद्धीवर येतो, पण हातपाय येत नाहीत.

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिवसभरात पाच केसेस झालेल्या. अजून जेवण नाही. त्यांनी मनात म्हटलं, भूल चढली की स्नायू सैल पडतील. वळेल मान.

मनात म्हटलं हं. तोंडातून शब्द काढला नाही.

"वळंल म्हनालासा..."

खिडकीकडच्या खाटेवरून आवाज आला.

"...वळली बी."

डॉक्टर वळले. त्या माणसाचं अंग हलत नव्हतं. मान हलत नव्हती. नुसते डोळे छताकडून सरकत सरकत त्यांच्यावर येऊन थांबले.

डॉक्टरांनी तो चेहरा ओळखला. सहा वर्षांपूर्वीचा. कोंडिबा. तोही हमालच, तीही अशीच ताठ मान, तिथेही अशीच घाई. खाडीपलीकडच्या एका हॉस्पिटलात पेडणेकरांनी त्याची मान मागे नेली होती, तेव्हा हाताला काहीतरी बारीकसं जाणवलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं. कोंडिबा शुद्धीवर आला, पण फक्त डोळ्यांपुरता; घशात श्वासाची नळी, बोलणं नाही. अकरा दिवसांनी गेला.

"माज्या घरच्यास्नी... काय सांगितलासा?"

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, रक्ताची गाठ मेंदूत गेली, कोणाच्या हातात नव्हतं. तिथल्या सर्जननाही तेच सांगितलं. स्वतःच्या बायकोलाही.

"बोला की..."

ट्यूब फडफडली. बाबासो डोळे मिटून कण्हत होता. त्याला काही ऐकू येत नसावं.

"ह्याची मान... म्या धरतो."

एवढंच. पुढे काही नाही.

दार उघडलं. सिस्टर सुनयना थर्मामीटर घेऊन आत आली. "डॉक्टर, तिकडे अंधारात काय बघताय?"

"हा पेशंट कधी आला?"

"कुठला?"

खिडकीकडच्या खाटेवर गादीसुद्धा नव्हती. लोखंडी पट्ट्या तेवढ्या. "ती गादी फाटलीय. आठ दिवस झाले, शिवायला दिलीय."

डॉक्टर खाली उतरले. स्कूटरपाशी गेले. किल्ली लावली, काढली, परत लावली. घरी जावं, सकाळी फोन करून आपल्यालाच ताप आल्याचं कळवावं, असंही मनात आलं. दुसरा कोणी येईल. आणि तो दुसराही म्हणेल, वळेल मान.

ते परत वर आले. एक्स-रेवाला मागच्या खोलीत झोपला होता, त्याला उठवलं. साडेअकराला मानेचा फोटो निघाला. ओलाच ट्यूबसमोर धरला. मणके झिजून एकमेकांत रुतलेले, आणि एक मणका मागे सरकून बरोबर नसेच्या वाटेत. मान वाकवली असती तर...



बरं, पुढे ढकलावं, तर तेही जमेना. बाराच्या सुमाराला बाबासोला हुडहुडी भरली. ताप एकशे चार. ब्लडप्रेशर उतरायला लागलं. सर्जन आले, पोट चाचपलं आणि म्हणाले, "आत पिकलंय रे नंदू. सकाळपर्यंत नाही टिकायचा. आत्ताच घ्यायला हवा."

"घेऊ. पण मी जागेपणी नळी घालणार. मान जराही हलवायची नाही."

"जागेपणी? त्याला कशाला छळतोस?"

"घालणार म्हटलं ना."

कॅमेऱ्याची बारीक नळी तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात असायची. इथे कान आणि हात, एवढंच. नाक-घसा औषधाने बधिर करायचा, नाकातून नळी हळूहळू सरकवायची, पेशंटच्या श्वासाचा आवाज नळीतून ऐकत ऐकत. आणि एकाने डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं. ते काम सुनयनाचं.

एक वाजून दहा मिनिटं. बाबासो टेबलावर.

"बाबासो, खोकला येईल. घाबरायचं नाही. उठायचं नाही."

"व्हय..."

डॉक्टरांचे हात स्थिर होते. मन नव्हतं. म्या धरतो. कशाला धरतो? सांभाळायला, की...? सहा वर्षांचा हिशेब मागायला आलेला माणूस दुसऱ्याची मान धरतो म्हणाला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

नळी नाकातून घशात गेली. डॉक्टरांनी कान लावला. श्वासाचा आवाज. थोडी पुढे. आवाज मोठा झाला. आणखी थोडी...

बाबासोला ठसका लागला.

साधा ठसका नाही. अख्खं अंग उसळलं. पाय टेबलावर आपटले. सर्जन धावून छातीवर पडले. तोंडातून पित्ताची उलटी आली, हिरवीगार, आणि सुनयनाच्या हातांवर सांडली. तिचे हात निसटले.

दोन्ही.

डॉक्टरांनी बघितलं. तिचे हात हवेत. बाबासोचं धड वळतंय, उसळतंय. आता डोकं जाणार मागे. आता...

ते ओरडले, "धरा, कोंडिबा!"

डोकं हललं नाही.

खांद्यांपासून खाली सगळं अंग उसळत होतं. डोकं जागच्या जागी. कानांवरचे केस दाबले गेलेले, कोणी तळवे लावावेत तसे. कोणी नव्हतं. सुनयना भिंतीला चिकटलेली.



डॉक्टरांनी यंत्राने उलटी ओढून घेतली. पुढच्या श्वासाबरोबर नळी आत सरकवली. नळीच्या टोकाशी असतो त्या फुग्यात हवा भरली. छाती वरखाली व्हायला लागली. मग भूल दिली. दाबलेले केस हळूहळू वर आले.

ऑपरेशन पार पडलं. पावणेचारला बाबासो शुद्धीवर आला.

"बाबासो, हात उचला."

...

"उचला हो."

उचलला. उजवा. मग डावा. मग पाय. डॉक्टर स्टुलावर बसले आणि हुंदके देऊन रडले. सर्जनना वाटलं, पोरगा थकलाय.

दहाव्या दिवशी बाबासो चालत घरी गेला. मानेला पट्टा, आणि पुढे मानेच्या ऑपरेशनसाठी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी.

त्याच्या पुढच्या रविवारी पेडणेकर तुर्भ्याच्या एका चाळीत गेले. कोंडिबाची बायको राहीबाई तिथे लसूण निवडत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. गाठ नव्हती. माझा हात होता. पोलिसांत जायचं तर मी बरोबर येतो.

राहीबाईने हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "अकरा दिस त्यो डोळ्यांनी कायतरी सांगत हुता. आमाला कळतच न्हवतं, सायेब. मला वाटायचं, पानी मागतूय. म्या आपली वठास्नी पानी लावायची."

ती पोलिसांत गेली नाही. त्यांना बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ते आपणच उठले.

परतताना ते वाशीला थांबले. त्या रात्रीच्या घाईत बाबासोच्या भुलीच्या नोंदीचा कागद अर्धाच राहिला होता, तो पुरा करायचा होता. सुनयनाने फाइल काढून दिली. वरच संमतीचा कागद. त्यावर पुतळाचा अंगठा, बारीक, वाळून फिका झालेला.

त्याच्या खाली साक्षीदाराची जागा. तिथे आणखी एक अंगठा होता. रुंद, हमाली करणाऱ्या पुरुषाचा.

"हा कोणाचा घेतलात?"

"मी नाही घेतला. त्या रात्री साक्षीला होतंच कोण?" सुनयना म्हणाली. "ती जागा कोरी होती. मी स्वतः फाइल बंद केलीय."

डॉक्टरांनी त्यावर बोट टेकवलं.

शाई ओली होती.