मे महिन्यातला तेरडा

"दुसरा दिवस! पहाटे साडेपाचला कूच! तीन तास धारेवरून चाल, मग खिंडीतलं टाकं. तिथे पाणी भरायचं, जेवायचं आणि पुढे चार तास चढ!" आल्हादने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"वाऽ!" अविनाशमामा म्हणाला.

हा त्याचा पंधरावा 'वाऽ' होता. रेवती मोजत होती.

गेली दोन वर्षं सुट्टीतल्या भटकंतीचा बेत रेवतीच आखायची. राजूर घाट तिचा, ज्ञानगंगेचं जंगल तिचं. वहीत पेन्सिलीने काढलेला नकाशा आणि कोणी काय आणायचं त्याची यादी. मामा सगळ्यांना सांगायचा, "आमची रेवती म्हणजे कलेक्टरच!" यंदाचा बेत तर केवढा मोठा! मलकापूरहून रेल्वेने इगतपुरी, तिथून जीपने पायथ्याची वाडी आणि मग तीन दिवस पाठीवर सामान घेऊन डोंगराच्या धारेने थेट कळसूबाई! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! रेवतीने मार्चपासून वही भरायला घेतली होती.

आणि मे उजाडताच पुण्याहून हा मावसभाऊ, आल्हाद, उगवला. नववीतला. पाठीवर इतक्या पट्ट्यांची सॅक, की कुठली कशाला हे विचारायचीही सोय नाही. मनगटावर उंची सांगणारं घड्याळ. आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर बसून वरणभात खातोय, हेसुद्धा ते घड्याळ सांगायचं.

रेवतीची वही मामाने उघडलीही नाही. उलट तिच्यावर चहाचा कप ठेवला. कप!

"बाटली मोठी घेऊ का छोटी?" योगिनीने विचारलं. ती देऊळघाटच्या प्रेमची धाकटी बहीण. अकरा वर्षांची. प्रेम रेवतीच्या शाळेत सातवीत, तिच्या एक वर्ष मागे. या टोळीत तो पहिल्यापासून होता.

"छोटी घे, एक लिटरची," आल्हाद म्हणाला. "टाक्यावर भरायचंच आहे. उगाच वजन कशाला?"

"वाऽ!" मामा म्हणाला. सोळा.

पडद्यावर टाक्याचा फोटो होता. काळा कातळ, काठोकाठ निळं पाणी, भोवती गुलाबी फुलं. प्रेम शेंगदाणे चघळत त्याकडे बघत होता.

"हा तं तेरडा व्हय!" तो म्हणाला.

"बरं. मग?" आल्हादने विचारलं.

"मंग काही नाही. साजरा दिसते."

पण जिन्यात पोचताच रेवतीने प्रेमची कॉलर धरली. "तेरडा? नक्की?"

"हाव! महालक्ष्म्यांले मीच आणतो ना वावराच्या धुऱ्यावरून. कॉलर सोड ना वं, नवा हाय शर्ट!"

"महालक्ष्म्या भाद्रपदात बसतात."

"हाव."

"आणि आपण चाललोय मे महिन्यात."

प्रेमचं चघळणं थांबलं. "म्हणजे... फोटो पावसाळ्यातला? मंग आता त्या टाक्यात काय असन?"

त्या क्षणी रेवतीला खरं तर काळजी वाटायला हवी होती. पण तिला झाला तो आनंद! असा गार गार आनंद, की तो कुणाला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

"सांगू मामाले?" प्रेमने विचारलं.

"नको. थांब जरा."

संध्याकाळभर ती मनातल्या मनात एक चित्र बघत होती. सगळे टाक्यापाशी पोचलेत. आत नुसते दगड. सगळ्या माना आल्हादकडे वळतात. घड्याळ उंची सांगतंय, पाणी सांगत नाही! काय सुरेख चित्र होतं! रेवती त्याला रंग भरत राहिली. जेवताना आईने विचारलं, "काय गं, एकटीच हसतेस?" तेव्हाही ती हसतच होती.

पण चित्रात आल्हाद एकटा नव्हता ना! प्रेम होता. आणि एक लिटरची रिकामी बाटली उलटी धरून योगिनी उभी होती. रेवतीने तिला चित्रातून बाहेर काढायचा खूप प्रयत्न केला. ती काही जाईना.

सकाळी रेवती मामासमोर उभी राहिली आणि तिने तेरड्यासकट सगळं सांगून टाकलं.

मामा खो खो हसला. "अगं, तो सह्याद्री आहे! तिकडं पाऊस म्हणजे धो धो! आपल्या बुलढाण्यासारखं आठ-आठ दिवस नळाची वाट बघत बसतात का तिथले लोक? नशीबवान बेटे!"

"पण मामा, मे महिना आहे. कुणाला तरी विचारायला..."

"विचारलंय! हे बघ." मामाने बेताचा कागद दाखवला. वाड्यांचे सहा फोन नंबर होते आणि प्रत्येकापुढे हिरव्या पेनाची खूण. "सहाही ठिकाणी फोन झालेत. पाणीच पाणी!" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "रेवा, जळू नये गं असं. आपलाच भाऊ आहे."

आल्हाद तिथेच बुटाची लेस बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही.

रेवतीचे कान तापले. जळत होतीच ती! नाही कोण म्हणतंय? पण जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटंच असतं, असं कुठं लिहिलंय?

तिने कागद हातात घेतला. सहाही खुणा एकसारख्या, एका दमात मारलेल्या. आणि पहिला नंबर... तिने बोट ठेवून आकडे मोजले. परत मोजले.

नऊ!

नऊ आकड्यांच्या नंबरावर मामाने फोन केला? आणि पलीकडून कुणीतरी 'पाणीच पाणी' म्हणालं?

कागद परत ठेवून तिने तडक देऊळघाटची बस पकडली.

"आत्ता जाऊन तोंडावर सांग ना!" प्रेम म्हणाला.

"म्हणेल, छापताना चुकलं असेल. वर परत जळू नको म्हणेल. मामाला कानाने नाही कळत, प्रेम. पायाने कळतं."

"म्हंजे?"

"म्हणजे रविवारी सराव! अगदी आल्हादच्या बेताबरहुकूम."

मामा तर खूशच झाला. "याला म्हणतात खिलाडूवृत्ती!"

रविवारी सहाला सगळे देऊळघाटहून निघाले. पाठीवर पूर्ण वजन आणि प्रत्येकी एक लिटर पाणी. तीन तासांची वाट टेकड्यांमागच्या नालाबांधापर्यंत. तेच खिंडीतलं टाकं समजायचं, असं ठरलं.

"तिथं पाणी असतं ना?" मामाने एकदा विचारलं होतं.

"पाणी कुठं जातंय, मामा!" रेवती त्याच्याच सुरात म्हणाली होती.

पैनगंगेच्या कोरड्या पात्रात मामाने पहिले चार घोट घेतले. पहिल्या टेकडीवर अर्धी बाटली. आठ वाजता ऊन असं काही चढलं की दगडसुद्धा सावली शोधत असतील!

"मामा, जपून!" योगिनी म्हणाली.

"टाकं आलं की भरू!" मामाने बाटली रिकामी करून तोंड पुसलं.

शेवटच्या चढावर सगळे पाय ओढत चालले होते. आल्हादची चेष्टा करायची म्हणून प्रेमने तोंड उघडलं आणि कोरड पडल्यामुळे परत मिटलं. नऊ वाजता ते बांधावर पोचले.

आत भेगाळलेली माती होती. थोड्या शेळीच्या लेंड्या होत्या. आणि कुणाची तरी एक चप्पल.

"हे... टाकं?" मामा म्हणाला.

"हेच."

रेवतीने भाषण तयार ठेवलं होतं. चांगलं खणखणीत! 'मामा, आता आठव तो तेरडा' इथून सुरुवात होती. पण तेवढ्यात योगिनीने बाटली उलटी केली आणि जीभ बाहेर काढली. एक थेंब पडला. तोही हनुवटीवर.

भाषण गेलं उडत!

"प्रेम, कॅन आण! पळ!"

प्रेमने पळसाच्या झुडपातून दोन कॅन ओढून काढले. आदल्या दिवशी दोघांनी सायकलवर आणून लपवले होते. पहिलं पाणी योगिनीला. मग आल्हादला. मामा इतका गटागट प्यायला की अर्धं शर्टावर सांडलं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"हो. सराव होता ना! खऱ्या खिंडीत कॅन कोण ठेवणार?" रेवतीने मामाच्या सॅकमधला बेताचा कागद काढून पुढे केला. "मामा, या पहिल्या वाडीला जरा परत फोन लाव ना. सगळ्यांना ऐकू दे."

मामाने नंबर दाबला. फोन कानाला लावला. परत बघितला. परत दाबला.

"नऊ आकड्यावर फोन लागते का बे कुठी!" प्रेम फिस्सकन हसला.

मामा बांधावर मटकन बसला. "नाही केला मी फोन," तो म्हणाला. "एकही नाही. म्हटलं, तिकडं पाण्याला काय तोटा! खुणा मारून टाकल्या."

"नंबर मी चुकवला," आल्हादचा आवाज एकदम लहान झाला. "फोटो नेटवरचा आहे. आणि मी त्या वाटेने कधी गेलेलोच नाही. सगळे वाऽ म्हणत होते, मग सांगताच येईना."

रेवतीला टोमणा सुचला होता. तिने तो पाण्याबरोबर गिळला. "खरा नंबर आहे?"

होता. रेवतीने मामाच्याच फोनवर स्पीकर चालू करून तो लावला आणि बुलढाण्याहून बोलतेय म्हणून सांगितलं. पलीकडून अन्नपूर्णाबाई नावाच्या आजी बोलल्या.

"खिंडीतलं टाकं? ते होळीलाच आटलं, बाळा!"

"पण आजी, तिकडे तर पाऊस खूप पडतो ना?"

"पडतो की! छपरं उडवतो! पण कातळावर थांबतो कुठं? सगळा खाली धरणात. आम्ही आत्ता हंडे घेऊन मैलभर चालतो. तुमच्याकडं कसं, काळी जमीन, हातभर खोदलं की विहीर! नशीबवान हो तुम्ही!"

बुलढाण्याला कुणी नशीबवान म्हणतंय, हे मामाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याचा आ तसाच राहिला.

"मग आम्ही येऊच नको का?" रेवतीने विचारलं.

"या की! पण धारेवर राहू नका. रोज दुपारनंतर खाली वाडीला उतरायचं. चाल वाढेल, पण विहिरी तळाला का होईना, ओल्या आहेत. आणि पाणी तीन तीन लिटर घ्या माणशी."

दुपारी प्रेमच्या आजोबांच्या, इंद्रभान आजोबांच्या शेतात, निंबाखाली बसून बेत नव्याने मांडला गेला. तीन दिवसांचे चार झाले. तासांचे हिशेब रेवतीच्या वहीतले, उंचीच्या रेषा आल्हादच्या लॅपटॉपवरच्या. तीन लिटर पाणी मावावं म्हणून कपडे निम्मे झाले. मामाची हवा भरायची उशी तर एकमताने बाद!

इंद्रभान आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, डोंगर चढनारे लई पाह्यले म्या. पानी इचारून निघनारी तू पह्यलीच!"

"ऐका, ऐका!" मामा दोन्ही कान पकडून उभा राहिला. "मी गाढव! बेत रेवतीचा, म्होरकी रेवती! आणि जळतेस म्हणालो, ते शब्द परत घेतो."

"सगळे नको घेऊस," रेवती म्हणाली. "निम्मे खरे होते."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. आल्हादनेही वाजवल्या, पण हळू, आणि नजर खाली मातीत. त्याच्या गालावर एक हसू होतं, डकवल्यासारखं. रेवतीने ते लगेच ओळखलं. आठवडाभर तिने स्वतःच ते वापरलं होतं.

तिला बरं वाटलं का? वाटलं! चांगलं दोन टाळ्यांपुरतं वाटलं. मग मात्र मजा येईना.

तिने मामाचा फोन आल्हादच्या हातात कोंबला. "अजून पाच वाड्या राहिल्यात. मी एकटी किती बोलू? पुढची तू घे."

"मी? त्यांना काय सांगू, मी कोण?"

"जो आहेस तो सांग."

आल्हादने नंबर दाबला. रिंग गेली.

"हॅलो? नमस्कार काकू," तो म्हणाला आणि जरा थांबला. "मी आल्हाद. बुलढाण्याहून बोलतोय. तुमच्या विहिरीला सध्या पाणी किती आहे?"