न उतरणारी सुई

“गुरुवारपर्यंत सुई खाली आली नाही, तर प्राध्यापक माझं काम बंद करतील,” इक्बाल खाला म्हणाली आणि काजळी धरलेला नवा कागद यंत्राच्या फिरत्या ढोलावर गुंडाळू लागली.

बुसैना, तिचा भाऊ शौकी आणि शेजारची दिमयाना सुट्टीत गीझाच्या त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला येत. तेव्हा शेतं अगदी भिंतीपर्यंत यायची. खालाचं काम सांगायला सोपं होतं. खल्ला या रानझाडाच्या बियांचा अर्क काढायचा, त्याचे भाग वेगळे करून बाटल्यांत भरायचे आणि एकेक भाग गिनीपिगच्या आवळलेल्या श्वासनळीच्या तुकड्यावर घालायचा. तुकड्याला दोऱ्याने जोडलेली सुई काजळीवर रेघ ओढते; तुकडा सैल पडला, की ती खाली उतरते. गेल्या वर्षी तिसऱ्या बाटलीने ती उतरली होती. दमेकऱ्यांचं औषध त्याच बाटलीत सापडेल, अशी खालाची खात्री होती. यंदा तेरा बाटल्या झाल्या, तरी सुई ढिम्म.

“तेराव्या बाटलीला घाण वास होता,” शौकी म्हणाला.

“तुझे मोजे नव्हते ना जवळ?” दिमयानाने विचारलं.

दुपारी भाजलेल्या कणसाचं साल शौकीच्या दातात अडकलं. गावी आजोबा घेत, तशी त्याने कोठारातल्या पोत्यातून खल्ल्याच्या वाळक्या तुऱ्याची एक काडी मोडून घेतली. ती दातात घालताच वाकली. दुसरीही वाकली. तिसरीही.

बुसैना खायची थांबली. “आजोबांची काडी कधी वाकली होती?”

“छे. हिरडीतून रक्त काढायची.”

वाकलेल्या काड्या दाखवायला तिघं कोठारवाल्या लबीब एफेंदींकडे गेली.

“वीस वर्षं खल्ला बघतोय मी,” ते म्हणाले. “जा, बाटल्या धुवा.”

मुलं वाद न घालता निघून आली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बुसैनाने त्यांना चहा नेऊन दिला. बशीत दोन काड्या ठेवल्या होत्या. एफेंदींनी सवयीने एक दातात घातली आणि थुंकून टाकली.

“हा कुठला कचरा? हा खल्ला नव्हे, सैतानी खल्ला आहे.”

“तुमच्याच पोत्यातला आहे, एफेंदी,” बुसैना शांतपणे म्हणाली.

चहा तसाच राहिला. दोन्ही झाडं शेताच्या बांधावर शेजारी उगवतात, फुलंही सारखीच पांढरी. कापणाऱ्यांनी भलतंच भरून दिलं होतं, आणि एफेंदींनी पोती न उघडताच आत घेतली होती.

“चला, कालव्याकाठच्या बांधांवर,” एफेंदी टोपी घालत म्हणाले. “मीही येतो.”

संध्याकाळपर्यंत चौघांनी एकेक तुरा तपासला. घरट्यासारखा मिटलेला, टणक काड्यांचा असेल तोच घ्यायचा. हात सोलवटले, पण पोतं भरलं.

गुरुवारी प्राध्यापक ढोलाजवळ येऊन उभे राहिले. पहिली बाटली झाली. दुसरी झाली. तिसरीचे थेंब पडले आणि काजळीवरची पांढरी रेघ हळूहळू खाली उतरत गेली. खालाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“काम चालू ठेव, इक्बाल,” प्राध्यापक म्हणाले. “तुरे कोणी ओळखले?”

खालाने तुरा चिकटवलेल्या नमुन्याच्या कागदावर मुलांची तीन नावं लिहिली. ती वाचून प्राध्यापकांनी मान हलवली.

“एवढीच नाही. बाप-आजोबांसकट पूर्ण लिही. उद्या कोणी विचारलं, तर ही माणसं सापडायला हवीत.”

शौकीने पणजोबांचंही नाव सांगितलं.