काचेची बाहेरची बाजू

दार लोटून घे रे. आणि ते मोबाइल ठेवा खाली. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग मध्येच खिदळायचं नाही. ही गोष्ट मला माझ्या सख्ख्या साडूने सांगितली. साडू म्हणजे थापा मारणारा गडी नव्हे. त्याला दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तरी घाम फुटतो. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे.

तर एका गुरुवारी, दिवेलागणीला, त्याच्या दुकानात बारक्या आला. बारक्या म्हणजे पन्नाशीचा बाप्या बरं का, पण थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. थोरला जाऊन आठवडा झाला होता.

"दादाची टाकी घेऊन जा," बारक्या म्हणाला. "फुकट ने, पण उद्या सकाळीच ने. मला ती डोळ्यासमोर नको."

"नेतो की," साडू म्हणाला. "पण बाहेरच्या काचेवर मिठाचा थर असेल, तो पुसून ठेव. त्या थराखाली कुठे तडा असेल तर उचलताना टाकी आमच्या पायावर फुटायची. काच लख्ख दिसली तर हात लावीन, नाहीतर नाही."

आता तो थर कसला, ते ऐका. खाऱ्या पाण्याची टाकी होती ती, समुद्रातल्या माशांची. पंपाचे बुडबुडे फुटतात, तुषार उडतात, झाकणाच्या फटीतून ओघळतात. पाणी वाळून जातं, मीठ राहतं. रोजच्या रोज ओल्या फडक्याने पुसलं तर ठीक, नाहीतर बाहेरून काच पांढरी होत जाते. साबण चालत नाही, तो काचेचा स्प्रे चालत नाही, एक थेंब आत गेला तर मासे आडवे. साधं पाणी आणि हाताची मेहनत, बस.

ती मेहनत बारक्याने जन्मभर केली. थोरला हौशी आणि महा खडूस. पाहुण्यांच्या देखत टपली मारायचा, "बारक्या, डाग राहिलाय. डोळे फुटले का तुझे?" लोक हसायचे. बारक्याही हसायचा. मनात मात्र सगळं साठवून ठेवायचा.

मग थोरल्याला अर्धांगाचा झटका आला. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. डोळे तेवढे शाबूत. बारक्याने त्याचा पलंग आणून टाकीसमोर लावला, अगदी उशीच्या समोर काच. शेजारपाजारचे म्हणाले, भाऊ असावा तर असा!

आणि त्या दिवसापासून त्याने बाहेरची काच पुसणं बंद केलं.

आतून टाकी चकाचक. माशांना वेळेवर खाणं. फक्त बाहेरची बाजू सोडून दिली, तीही पलंगाकडचीच. रोज थोडं थोडं पांढरं. थोरला पडल्या पडल्या बघतोय, मासे धूसर होतायत, मग नुसत्या सावल्या, मग त्याही नाहीत. बारक्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचा. तिथून सगळं स्वच्छ दिसायचं. आणि सांगायचा, "दादा, आज तुझा पिवळा गेला रे." दोन दिवसांनी, "जोकर मासा गेला दादा. उलटा तरंगत होता."

एकही मासा मेला नव्हता. एकही नाही! पोरं मरावीत तसा थोरला रडायचा, आवाज न करता. हा नालायक त्याचे डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "काच पुसू का? म्हण ना तोंडाने, बारक्या पूस. तू म्हण, मी लगेच पुसतो." वाचा गेलेल्या माणसाला. शेवटचा मासा मेल्याचं सांगितलं, त्याच रात्री थोरला गेला. हे सगळं बारक्याने त्या गुरुवारी दुकानात स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सांगताना, साडू म्हणतो, त्या नालायकाच्या ओठावर हसू होतं.

मग बारक्या घरी गेला. बादली भरली, फडकं घेतलं, गुडघे टेकले आणि काच पुसली. जेवून येऊन बघतो तर काचेवर पुन्हा पांढरा पट्टा.

साडेदहाला साडूचा फोन वाजला. "मीठ परत आलंय."

"पंप बंद कर ना बाबा, तासाभराने मासे मरत नाहीत. वरून झाकण दाबून बसव. झोपू दे मला."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "पंप बंद आहे. झाकणाच्या कडेने टॉवेल लावलाय, तो कोरडा ठणठणीत आहे."

"मग ओघळ येतोय कुठून?"

"वरून नाही येत... मध्येच येतोय. उशीच्या समोर."

साडू उठून बसला. म्हणाला, काच फुटली असेल, चीर शोध. बारक्याने हात फिरवलेला ऐकू आला. चीर नव्हती.

"ओलं आहे," तो म्हणाला. "कोमट आहे रे..."

"तू आधी घराबाहेर नीघ."

"पलंग रिकामा आहे. मी बघितलं. रिकामाच आहे."

"बारक्या, बाहेर नीघ!"

"पुसतो," बारक्या म्हणाला.

साडूशी नाही बोलला तो. आवाजच वेगळा होता. शाळेतल्या पोराचा.

"पुसतो दादा... पिवळा आहे. हा बघ. जोकर पण आहे. खोटं बोललो मी... सगळे आहेत दादा. दिसतायत का?"

बादलीत फडकं बुडाल्याचं ऐकू आलं.

"...नाही दिसत?"

मग फडक्याचा आवाज. कर्र. कर्र. काचेवर. साडू हाका मारतोय, पलीकडून फक्त कर्र, कर्र. फोन चालूच. साडूने कपडे चढवले, गाडी काढली, दहा मिनिटांचा रस्ता. पोचला तेव्हा आवाज थांबला होता.

दाराला आतून कडी. शेजाऱ्यांना उठवून तोडलं. बारक्या गुडघ्यांवर बसलेला, कपाळ काचेला टेकलेलं, फडकं मुठीत. गेला होता. तळहाताची कातडी निघून आली होती. आणि काच... साडू म्हणतो, इतकी स्वच्छ काच मी धंद्यात पाहिली नाही. मध्ये काच आहे असंच वाटेना.

टाकी त्याने दुकानात नेली. मासे जिवंत होते, सोडायचे कुठे? आज इतकी वर्षं झाली, ती बाहेरची काच त्याने एकदाही पुसलेली नाही. पुसावीच लागत नाही. रात्री शटर ओढताना पांढरी असते, सकाळी लख्ख. आणि समोर फरशीवर दोन ओले गोल. गुडघ्याएवढे.

काय हसतोस? मी स्वतः पाहिलेत.

साडूला शेवटी दया आली. मेला तरी थोरल्याच्या तावडीतून सुटका नाही बिचाऱ्याची, म्हणाला, निदान गुडघ्याखाली काहीतरी असू दे. एका रात्री त्याने टाकीसमोर जाड गोणपाट घडी करून अंथरलं आणि शटर ओढलं. सकाळी मला फोन करून बोलावून घेतलं.

गोणपाट पार दाराशी भिरकावलेलं होतं. गोल दोन्ही होते, उघड्या फरशीवर, रोजच्या जागी.