साखरबाईचा अंगठा

यातलं एक अक्षर जरी खोटं असेल, तर माझी जीभ झडो.

घटना बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावरची. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा रविवार. भुतं रात्रीच येतात म्हणतात ना?

माझ्या वाट्याला आलं ते सगळं भर दुपारी आलं.

मी विजया, मूळची जळगावकडची. नवरा इथल्या कारखान्यात, म्हणून बोईसर. आमच्या कॉलनीतल्या बायका भिशीला कंटाळल्या की समाजसेवेकडे वळतात, तशी मीही वळले. आमचं मंडळ दर उन्हाळ्यात मनोरकडच्या पाड्यांवरची मुलं चार दिवस समुद्रकाठी शिबिराला न्यायचं. घरोघर फिरून मुलं गोळा करायचं काम माझं.

चिमी नऊ वर्षांची होती. बाप वीटभट्टीवर गेलेला. आई, साखरबाई, पोरीला सोडायलाच तयार नव्हती.

"बाय, नेतेस तर ने. पन पान्यात नको सोडू. तिला पोवता नाय येत."

"माझ्याजवळ ठेवीन," मी म्हणाले.

दर घरी मी हेच म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी देणगीदारांना पाठवायला फोटो हवा होता. मंडळाचे अध्यक्ष खंडेराव काका म्हणाले, "मुलं पाण्यात उभी करा, छान दिसतं." मोबाईल माझ्या हातात होता.

"मागे सरका... अजून थोडं मागे..."

मीच सांगत होते.

त्या फोटोत एकवीस मुलं आहेत. पाण्यात बावीस उतरली होती.

आता खरं सांगते. आम्हाला एक वाईट खोड होती. पालकांची संमतीपत्रं आम्ही आधी घ्यायचोच नाही. पाड्यावर कोण वाचतंय, असं म्हणून शिबिर संपल्यावर मुलं परत सोडताना एकदमच अंगठे घ्यायचो. त्यामुळे चिमी गेली तेव्हा आमच्याकडे कागदच नव्हता.

दवाखान्यात साखरबाई भिंतीला टेकून बसली होती. "पोरीला ताब्यात घ्यायला अंगठा लागतो, ताई," मी सांगितलं. मीच तिचं मनगट धरून अंगठा दाबला. कागदावर काकांनी लिहून ठेवलं होतं, 'मुलीला समुद्रात उतरवण्यास माझी संमती आहे. जबाबदारी माझी.' तारीख चार दिवस आधीची.

चौकशीत तो कागद पुढे केला आणि आम्ही हात वर केले. पाड्यावर मात्र लोक साखरबाईलाच बोलू लागले. आईनेच पोरीला मरायला धाडलं म्हणे.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा शिबिराची तयारी सुरू झाली. हो, आम्हाला लाज नव्हती. दुपारी एकच्या सुमाराला मी मंडळाच्या खोलीत एकटीच होते. पुढ्यात बावीस कोऱ्या संमतीपत्रांचा गठ्ठा होता. शाईचं पॅड वर्षभरात वाळून गेलं होतं.

वरचा कागद उचलला.

त्याच्या तळाशी... निळा अंगठा.

छोटासा. ओला.

दुसरा उचलला. त्यावरही. बावीसच्या बावीस कागदांवर तोच अंगठा होता, आणि खोलीत खाऱ्या पाण्याचा वास भरला होता.

मागे आवाज आला. थप... थप... ओल्या पावलांचा.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं. फरशी ओली होती.

काकांना फोन केला तर ते हसले. "उन्हाने डोकं फिरलंय तुमचं, विजयाताई."

चौथ्या दिवशी काका दांडीच्या किनाऱ्यावर सापडले. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. ते पडले होते तिथली वाळू कोरडी होती. तरी त्यांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं.

खिशात एक संमतीपत्र होतं. 'समुद्रात उतरण्यास माझी संमती आहे. जबाबदारी माझी.'

काका नेहमी झोकदार इंग्रजी सही करायचे. त्या कागदावर अंगठा होता. आणि त्यांच्या मनगटावर... चार छोट्या बोटांचे वळ होते.

त्याच दिवशी मी पाडा गाठला. साखरबाईच्या पायांवर पडले. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. थांबली नाही.

"मी काय नाय केला, बाय. तीच येते. तूच बोललीवतीस ना, जवल ठेवीन?"

सुपातले खडे वेचून तिने बाजूला टाकले.

"मंग आता ठेव."

मी पाड्यावरच्या सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पोलिसांना लिहून दिलं. माझं जे व्हायचं ते होईल, पण आता तरी सुटका होईल असं वाटलं होतं.

काल दुपारी माझी आठ वर्षांची स्वरा शाळेतून शिबिराचा कागद घेऊन आली. मी तो उलगडला. 'पालकांची संमती' याच्या वर...

निळा अंगठा. ओला.

"कोणी लावला हा?" मी ओरडलेच.

स्वरा दचकली. "त्या मुलीने. मी म्हटलं, आईला विचारायला हवं. तर ती म्हणाली, गरज नाय. तुझ्या आईनेपन माझ्या आईला विचारला नवता."

कागद फाडून जाळला. मी स्वराला कुठेही पाठवणार नाही. आज शाळाही बुडवली. सगळी दारं लावून घेतली आहेत. ती माझ्या शेजारी झोपली आहे आणि एका हाताने मी हे टाइप करतेय. दुसऱ्या हाताने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलंय.

बाहेर कडक ऊन आहे. पंखा चालू आहे.

तरी ते मनगट... हळूहळू ओलं होतंय.