शंभर किलोमीटरनंतर

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना!"

रेमीनं ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध एक मुलगी उभी होती. एका हातात सुपाचा थर्मास, दुसरा हात वर. टोपीवर, खांद्यांवर, पापण्यांवरसुद्धा त्या वर्षीचा पहिला बर्फ.

त्यानं काच खाली केली. "मरायचंय का तुम्हाला?"

"मला नाही. तुम्हालाच घाई दिसतेय. पुढचं डावं चाक निघून चाललंय तुमचं. ऐकू येत नाही?"

"मला वाटलं, रस्ता खराब आहे..."

"आपल्या रोबेर्व्हाल गावचा रस्ता खराबच आहे. पण तो टकटक करत नाही."

समोरच तिच्या काकांचं टायरचं गॅरेज होतं. गोगलगायीच्या चालीनं त्यानं गाडी आत घेतली. मुलीचं नाव सोलेन. तिनं थर्मास काकांच्या हातात दिला आणि गाडीपाशी वाकली.

"ही बर्फातली, हिवाळ्याची चाकं कुणी बसवली?"

"मीच. काल, अंगणात."

"वाटलंच. आपल्याकडच्या प्रत्येक पुरुषाला वाटतं, चाक बदलणं आपण आईच्या पोटातूनच शिकून आलो."

"मी फक्त पोहणं शिकून आलो," रेमी म्हणाला. तो गावातल्या पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. "निदान आई तरी तसं सांगते."

ती हसली नाही. पण हसू दाबायला तिला खाली बघावं लागलं.

चाक जमिनीवर असतानाच तिनं नट थोडे सैल केले, मग जॅक लावला. चाक काढून बाजूला ठेवलं. चाक ज्यावर बसतं तो आतला हब उघडा पडला, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठानं आणि पाण्यानं तांबारलेला.

"हे बघ. हा गंज न घासताच चाक चढवलंस. नट आवळले, पण ते गंजावर. गाडी चालली तसा गंज गळला... आणि नट ढिले."

ती कधी 'तू'वर आली ते त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा बरं वाटलं.

सोलेन तारेच्या ब्रशनं घासू लागली. तांबडी भुकटी तिच्या बाहीवर पडत राहिली आणि खालून लोखंड उजळत गेलं. रेमी बघत राहिला. पहाटे गावाजवळच्या मोठ्या तळ्यात उतरताना, पाण्यावर एक तरंग नसताना, त्याला जसं गप्प व्हायला व्हायचं, तसं आत्ता झालं. एवढी मोठी गाडी, आत बसलेली माणसं, घाटातली वळणं... सगळं या हाताएवढ्या जागेवर उभं असतं! कालच त्यानं हे चाक काढलं होतं. तेव्हा त्याला यातलं काही दिसलंच नव्हतं.

तिनं चाक चढवलं, नट आधी बोटांनी फिरवले. मग पाना घेतला.

"शेजारचा नाही, समोरचा. मग त्याच्या समोरचा. चाक सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे."

गाडी खाली आली. लांब पान्यानं शेवटचं आवळताना प्रत्येक नट पुरेसा घट्ट होताच पाना 'टक्' असा बोलला. उरलेली तीन चाकंही तिनं तशीच बसवली.

"आता शंभर किलोमीटर चालव आणि परत ये. नट पुन्हा एकदा बघावे लागतात."

"उद्या सकाळी मी सेत-ईलला चाललोय. तिकडे कायमची नोकरी लागलीय."

पाना पुसणारा तिचा हात थांबला. सेत-ईल म्हणजे दिवसभराचा रस्ता, शिवाय मध्ये गाडीसकट नदी ओलांडायची बोट.

"मग तिथं बघून घे," ती म्हणाली. "कुणीही करील."

"हो... कुणीही करील."

रेमी निघाला. घराकडे वळायच्या ऐवजी तळ्याच्या काठानं सरळ गेला. बर्फ पाण्यावर पडत होता आणि पाणी तो मुकाट्यानं पोटात घेत होतं. काय सांगायचं तिला? ओळख एका दुपारची. पण न सांगता गेलो, तर उद्यापासून ती नुसती एक टायरवाली मुलगी होणार होती. त्यानं किलोमीटरच्या आकड्याकडे बघत शंभर पुरे केले.

तो परतला तेव्हा अंधारून आलं होतं. गॅरेजात ओदिलों काका एकटेच, मागच्या मांडणीपाशी. लोकांची उन्हाळ्याची चाकं तिथं रचून ठेवलेली असायची, प्रत्येकावर खडूनं नाव. काका खडूनं एक पुसट झालेलं नाव गिरवत होते. रोझलीन, पुढचं डावं.

"आमच्या हिची आहेत," ते म्हणाले. "गाडी विकली. ती गेल्यावर चालवणार कोण? चाकं तेवढी ठेवली. खडू पुसट होतो रे..."

ते पुन्हा नाव गिरवू लागले.

दार वाजलं. सोलेन आत आली आणि गाडी बघून थबकली.

"एवढ्यात शंभर झाले?"

"तळ्याच्या काठानं जाऊन आलो."

"इतक्या बर्फात? वेडाच आहेस!" पान्यासाठी हात तिनं आधीच पुढं केला होता. टक्. टक्. टक्. एकही नट हलला नाही.

"सगळे घट्ट आहेत," ती उठत म्हणाली. "उगाच आलास."

रेमीनं डिकी उघडली. आत काल उतरवलेली त्याची उन्हाळ्याची चारही चाकं होती.

"ही इथं ठेवायचीत."

"सेत-ईलमध्ये टायर ठेवायला जागा नाही?"

"आहे. पुष्कळ आहे." त्यानं मांडणीकडे एकदा पाहिलं. "पण तिथं तू नाहीस. मला परत यायला कारण हवंय, सोलेन. आणि कारण नसलं तरी यायचंय... ते आत्ताच सांगतोय."

काकांना अचानक बाहेरचा बर्फ उपसायची आठवण झाली. ते फावडं घेऊन निघून गेले.

सोलेननं पाना पुसून ठेवला. मग तिनं खडू उचलला आणि टायरवर सावकाश लिहिलं: रेमी, पुढचं डावं.

"एप्रिलपर्यंत बर्फ हटत नाही आपल्याकडे. तोवर ही चाकं इथंच," ती म्हणाली.

"थांबेन."

"तू थांबशील. मी नाही." तिनं वर पाहिलं. "गंज घासायला विसरणारा माणूस तू... नाताळात येते तिकडे. पाना घेऊन."

सकाळी रेमी निघाला तेव्हा गाव पांढरं झालं होतं. बोटीच्या धक्क्यापर्यंत त्यानं रेडिओ लावला नाही. तो नुसता ऐकत राहिला. कुठल्याच चाकातून आवाज येत नव्हता.